जनरल अराकी सादाओ यांना जन्मठेप कशासाठी झाली?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जपानी लष्करातील जनरल अराकी सादाओ 1931 च्या अखेरीपासून 1934 च्या आरंभापर्यंत लष्करमंत्री होते आणि 1938–39 मध्ये शिक्षणमंत्री होते. सेनापती म्हणून त्यांनी एकही मोठी मोहीम चालवली नाही. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ते निवृत्तांच्या राखीव यादीत होते आणि मंत्रिमंडळातही नव्हते. मग तोक्योच्या युद्धगुन्हे खटल्यात त्यांना जन्मठेप का झाली, आणि मुळात एका लष्करी माणसाच्या हाती शिक्षणखाते कसे गेले?

आधुनिक जपानचा इतिहास मी बरीच वर्षे शिकवत आलो आहे आणि हा प्रश्न विद्यार्थ्यांकडून जवळजवळ दर वर्षी येतो. माझ्या मते त्याच्या दोन्ही भागांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. अराकी यांची सगळी ताकद त्यांच्या बोलण्यात होती. अंदाजपत्रक, शस्त्रास्त्रे, मंत्रिमंडळातील डावपेच अशा प्रत्यक्ष कारभाराच्या बहुतेक लढाया ते हरले, पण त्यांनी रूढ केलेली भाषा मात्र त्यांना हरवणाऱ्यांनीही उचलली. न्यायालयाने त्यांना दोषी धरले ते बऱ्याच अंशी या भाषेमुळे, आणि शिक्षणखाते मिळाले तेही तिच्यामुळेच.

त्यांचा जन्म 26 मे 1877 रोजी आजच्या तोक्यो महानगरातील कोमाए येथे झाला. वडील तोकुगावा घराण्याच्या हितोत्सुबाशी शाखेच्या चाकरीतले जुने सामुराई होते. म्हणजे ज्या राजवटीला बाजूला सारून सम्राटाची सत्ता पुन्हा प्रस्थापित झाली, त्या राजवटीच्या आश्रयाखालचे हे कुटुंब. सम्राटनिष्ठेचा सर्वांत मोठा प्रचारक अशा घरातून यावा यात मला विसंगती वाटत नाही. नव्या व्यवस्थेत ज्यांना वारशाने काही मिळाले नव्हते, त्यांच्यासाठी लष्करी अकादमी हाच वर चढण्याचा सरळ मार्ग होता आणि सम्राटावरील निष्ठा हेच तेथले चलन होते.

1897 मध्ये ते लष्करी अकादमीच्या नवव्या तुकडीतून बाहेर पडले. ही तुकडी लक्षात ठेवावी, कारण ती पुढे पुन्हा भेटणार आहे. मसाकी जिन्झाबुरो, होन्जो शिगेरु, मात्सुई इवाने आणि पुढे पंतप्रधान झालेले आबे नोबुयुकी हे सारे त्यांचे सहाध्यायी होते. रशिया-जपान युद्धात अराकी यांनी कनिष्ठ अधिकारी म्हणून भाग घेतला आणि 1907 मध्ये लष्करी महाविद्यालयातून ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. पुढची बरीच वर्षे रशियाशी जोडलेली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते रशियात लष्करी प्रतिनिधी होते आणि क्रांतीनंतर जपानने सायबेरियात सैन्य उतरवले तेव्हा त्या मोहिमेच्या मुख्यालयात अधिकारी होते. झारची प्रचंड सेना आतून कशी विरघळली हे त्यांनी जवळून पाहिले. सैन्य तोफांच्या कमतरतेपेक्षा मनोबलाच्या कमतरतेने मोडते, हा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला आणि तो आयुष्यभर सोडला नाही. सोव्हिएत रशिया हाच जपानचा खरा शत्रू, ही त्यांची दुसरी धारणाही याच काळातली. त्यानंतर लष्करी पोलिसांचे प्रमुख, सेनामुख्यालयातील एका प्रमुख विभागाचे संचालक, लष्करी महाविद्यालयाचे प्रमुख आणि कुमामोतो येथील सहाव्या डिव्हिजनचे सेनापती अशी पदे त्यांनी भूषवली. या बढत्यांचा तपशील फारसा रंजक नाही. महाविद्यालयात त्यांच्याभोवती तरुण अधिकाऱ्यांचा मेळा जमू लागला, एवढेच त्यातून उचलण्यासारखे आहे.

हे तरुण त्यांच्याकडे का ओढले गेले, हे समजल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. 1925 मध्ये लष्करमंत्री उगाकी काझुशिगे यांनी चार डिव्हिजन बरखास्त करून वाचलेला पैसा रणगाडे, विमाने अशा आधुनिक साधनांकडे वळवला. लष्करात याची कटुता राहिली. त्यानंतर जागतिक मंदी आली, रेशमाचे भाव कोसळले, ईशान्येकडील तोहोकू प्रांतात पिके बुडाली. रेजिमेंटमधील लेफ्टनंट आणि कॅप्टन ज्यांना रोज कवायत शिकवत, ती शेतकऱ्यांची मुले होती. घरी बहीण विकली गेल्याची बातमी एखाद्या शिपायाला पत्रातून कळायची आणि त्याचे सांत्वन त्याच्या अधिकाऱ्याला करावे लागायचे. या अधिकाऱ्यांच्या मनात राजकीय पक्ष, बडे उद्योगसमूह आणि दरबारी मंडळी यांच्याविषयी जो संताप साचला, त्याला अराकी यांनी शब्द दिले. सम्राट निष्कलंक आहे, दोष त्याच्याभोवतीच्या स्वार्थी लोकांचा आहे, आणि जपानी आत्म्याचे जागरण झाले की सारे ठीक होईल, असे त्या शब्दांचे सार होते. ते तरुणांना घरी येऊ देत, त्यांचे ऐकून घेत, हुद्द्याचे अंतर न पाळता बोलत. लष्करासारख्या श्रेणीबद्ध संस्थेत एका जनरलने लेफ्टनंटचे मनापासून ऐकणे ही साधी गोष्ट नव्हती.

ऑक्टोबर 1931 मध्ये हाशिमोतो किंगोरो आणि त्यांच्या साथीदारांनी बंडाचा कट रचला. त्यांच्या योजनेत पंतप्रधानपद अराकी यांना द्यायचे होते. अराकी यांनी स्वतः मध्ये पडून त्यांना परावृत्त केले. या घटनेत पुढचा सारा माणूस दिसतो. बंड करणाऱ्यांना ते आपले वाटत, ते स्वतः बंड करत नसत, आणि बंडखोरांना आवरू शकणारा माणूस म्हणून त्यांचे वजन वाढत असे. दोनच महिन्यांनी, 13 डिसेंबर 1931 रोजी, इनुकाई त्सुयोशी यांच्या मंत्रिमंडळात ते लष्करमंत्री झाले. ईशान्य चीनमधील मांचुरियात तेथल्या जपानी फौजेने, म्हणजे क्वांतुंग सेनेने, सप्टेंबरमध्येच कारवाई सुरू केली होती आणि त्या सेनेचे प्रमुख होते नवव्या तुकडीचेच होन्जो.

येथे जपानी राज्यव्यवस्थेची एक बाजू सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडील संरक्षणमंत्र्याच्या कल्पनेने पाहिले तर दिशाभूल होते. मेइजी राज्यघटनेनुसार सेनेचे सर्वोच्च अधिपत्य थेट सम्राटाकडे होते आणि सेनामुख्यालय मंत्रिमंडळाला बांधील नव्हते. लष्करमंत्री हा लष्करी अधिकारीच असे आणि त्याचे नाव व्यवहारात लष्कराकडूनच येत असे. तो मंत्रिमंडळात लष्कराचा प्रतिनिधी म्हणून बसे. लष्करावर मंत्रिमंडळाचा अंकुश ठेवणे हे आपले काम आहे असे तो मानत नसे. म्हणून मांचुरियातील कारवाईला आळा घालण्याऐवजी तिला मान्यता, सैन्य आणि पैसा मिळवून देणे हे अराकी यांचे काम झाले आणि ते त्यांनी उत्साहाने केले. मार्च 1932 मध्ये मांचुरियात मांचुकुओ हे जपानच्या तंत्राने चालणारे राज्य उभे राहिले आणि 1933 च्या आरंभी त्याला लागून असलेला जेहोल प्रांत घेतला गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये जपानने राष्ट्रसंघ सोडण्याची घोषणा केली, आणि अराकी मंत्रिमंडळात या धोरणाचे कट्टर पुरस्कर्ते होते.

15 मे 1932 रोजी नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी आणि लष्करी अकादमीच्या छात्रांनी पंतप्रधान इनुकाई यांची त्यांच्या अधिकृत निवासस्थानी हत्या केली. ज्यांच्या मंत्रिमंडळात आपण बसलो, त्यांच्या मारेकऱ्यांविषयी अराकी यांनी जाहीरपणे काय सांगितले? या निष्कपट तरुणांनी हे कृत्य कीर्तीसाठी किंवा लाभासाठी केलेले नसून देशाच्या हितासाठी केले आहे, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. खटल्यात आरोपींविषयी सहानुभूतीची लाट उसळली, रक्ताने लिहिलेले अर्ज आले, आणि लष्करी छात्रांना अवघी चार वर्षांची कैद झाली. कायद्याच्या भाषेत अराकी या हत्येत कोठेच नव्हते. तरीही हेतू शुद्ध असेल तर पंतप्रधानाचा खूनही समजून घेता येतो, ही कल्पना एका मंत्र्याच्या तोंडून अधिकृत झाली. माझ्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत घातक कृती हीच आहे, आणि ती एका निवेदनापलीकडे काही नव्हती.

साइतो माकोतो यांच्या नव्या मंत्रिमंडळातही ते लष्करमंत्री राहिले. त्यांच्या दोन टोकदार मिशा आणि त्यांची भाषणे वृत्तपत्रांना मिळालेली पर्वणी होती. लष्करासाठी ‘कोगुन’, म्हणजे सम्राटाची सेना, हा शब्द त्यांनी सर्वतोमुखी केला. ‘कोदो’, म्हणजे सम्राटाचा मार्ग, या शब्दावरून त्यांच्या गटाला ‘कोदो-हा’ हे नाव पडले. आणि ‘हिजोजी’, म्हणजे आणीबाणीचा काळ, हा त्या दिवसांतला शब्द त्यांच्या भाषणांतून घरोघरी पोहोचला. तीस लाख बांबूचे भाले असले तरी देशाचे रक्षण करता येईल, हे वाक्य त्यांच्या नावावर सांगितले जाते आणि पुढे त्यांच्या टीकाकारांनी त्याची भरपूर टर उडवली. पण ही वृत्ती केवळ शब्दांत राहिली नाही. 1933 मध्ये त्यांच्या पुढाकाराने युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ असलेल्या यासुकुनी देवस्थानाच्या आवारात पारंपरिक पद्धतीने तलवारी घडवणारी संस्था सुरू झाली आणि 1945 पर्यंत तेथे सुमारे 8 हजार तलवारी तयार झाल्या. विसाव्या शतकातील एका औद्योगिक राष्ट्राचा लष्करमंत्री लोहारांना पुन्हा भात्याजवळ बसवतो, यावर हसू येणे स्वाभाविक आहे. मात्र ती तलवार कमरेला लावणाऱ्या अधिकाऱ्याला आपण कोण आहोत हे ती रोज सांगत होती, आणि अराकी यांना नेमके तेच हवे होते.

या लोकप्रियतेची दुसरी बाजू कारभारात उघडी पडली. मसाकी यांना सेनामुख्यालयात उपप्रमुख करून आणि इतर जवळच्या माणसांना मोक्याच्या जागा देऊन त्यांनी उगाकींच्या गटाला बाजूला केले, पण त्यामुळे नागाता तेत्सुझान यांच्यासारखे कुशल अधिकारी विरोधात गेले. नागाता आणि त्यांचे सहकारी ‘तोसेई-हा’, म्हणजे नियंत्रण गट, या नावाने ओळखले जाऊ लागले. पुढचे युद्ध कारखाने, कच्चा माल आणि नियोजन यांवर ठरेल, त्यासाठी बँका, उद्योगपती आणि नोकरशाही यांच्याशी जमवून घ्यावे लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. 1936 हे संकटाचे वर्ष ठरेल आणि त्याआधी रशियाशी सामन्याची तयारी झाली पाहिजे, हा अराकींचा धोशा त्यांना पोरकट वाटे. 1933 च्या शरद ऋतूत पंतप्रधान, परराष्ट्र, अर्थ, लष्कर आणि नौदल अशा पाच मंत्र्यांच्या बैठका झाल्या. अनुभवी अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांनी अराकींच्या मागण्यांना दाद दिली नाही आणि रशियाविरोधी कार्यक्रम बैठकीत तरला नाही. तरुण अधिकाऱ्यांच्या नजरेतही बोलणारे पण काही न मिळवणारे मंत्री अशी त्यांची प्रतिमा होऊ लागली. जानेवारी 1934 मध्ये न्यूमोनियाच्या आजाराचे कारण देऊन त्यांनी राजीनामा दिला.

त्यानंतरच्या दोन वर्षांत गटबाजीला रक्ताचे वळण लागले. जुलै 1935 मध्ये मसाकी यांना प्रशिक्षण महानिरीक्षकपदावरून हटवण्यात आले आणि 12 ऑगस्टला लेफ्टनंट कर्नल आइझावा साबुरो यांनी लष्कर मंत्रालयातील कचेरीतच नागाता यांना तलवारीने ठार केले. 26 फेब्रुवारी 1936 च्या पहाटे सुमारे 1,400 सैनिकांना घेऊन तरुण अधिकाऱ्यांनी तोक्योचा मध्यभाग ताब्यात घेतला. ज्या ताकाहाशींनी अराकींची अडवणूक केली होती, ते बिछान्यातच मारले गेले. ज्या साइतोंच्या मंत्रिमंडळात अराकी बसले होते, तेही मारले गेले. राजवाड्यात जमलेल्या युद्धमंडळाच्या, म्हणजे लष्करी सल्लागार मंडळाच्या, जनरलांनी, ज्यांत अराकी आणि मसाकी होते, लष्करमंत्र्यांच्या नावाने एक निवेदन तयार करवले. तुमच्या उठावाचा हेतू सम्राटांच्या कानी गेला आहे, असे त्यात बंडखोरांना कळवले होते. ते वाचून बंडखोरांना आपण जिंकलो असे वाटले असल्यास नवल नाही. प्रत्यक्षात सम्राट हिरोहितो पहिल्या तासापासून संतापले होते आणि बंड मोडून काढा असा त्यांचा आग्रह होता. ज्या सम्राटाच्या नावाने हे सारे चालले होते, त्याला ते नको होते, हा अराकींच्या विचारव्यूहाला बसलेला सर्वांत मोठा तडाखा. या वेळी सौम्य शिक्षा झाल्या नाहीत. एकोणीस जणांना मृत्युदंड दिला गेला. अराकी आणि मसाकी मार्चमध्ये राखीव यादीत गेले. मे महिन्यात लष्कर व नौदलमंत्री सेवेतील अधिकारीच असला पाहिजे हा जुना नियम पुन्हा लागू झाला. अशा निवृत्त जनरलांना मंत्रालयात परतू न देणे हे त्यामागे दिलेले एक कारण होते. विचित्र हे की हाच नियम पुढे लष्कराच्या हाती मंत्रिमंडळे पाडण्याचे शस्त्र ठरला.

आता शिक्षणखात्याकडे. चीनशी युद्ध सुरू झाल्यावर पंतप्रधान कोनोए फुमिमारो यांनी आधी अराकींना मंत्रिमंडळाचे सल्लागार केले आणि 26 मे 1938 रोजी, म्हणजे नेमके त्यांच्या एकसष्टाव्या वाढदिवशी, शिक्षणमंत्री केले. लष्करखाते त्यांना बंद होते. शिक्षणखात्याला तो नियम लागू नव्हता. कोदो-हा गटाविषयी कोनोए यांना काहीशी सहानुभूती होती आणि युद्धकाळात लोकांची मने बांधण्यासाठी ओळखीचा आवाज हवा होता. शिक्षणखाते तेव्हा मनोबलाचे खाते झाले होते, त्यामुळे ही नेमणूक त्या काळच्या तर्काला धरूनच होती.

मंत्री होताच त्यांनी साम्राज्य विद्यापीठांना कळवले की कुलगुरू आणि प्राध्यापक यांची निवड मतदानाने करणे हा सम्राटाच्या नेमणुकीच्या अधिकारावर घाला आहे. विद्यापीठांनी नेट धरला. शेवटी निवडणुकीऐवजी शिफारस म्हणायचे आणि रीत बहुतेक तशीच चालू ठेवायची, अशी तडजोड निघाली. येथेही ते शब्द जिंकले आणि व्यवहार हरले, पण दबाव वाया गेला नाही. जानेवारी 1939 मध्ये तोक्यो विद्यापीठाचे कुलगुरू हिरागा युझुरु यांनी अर्थशास्त्र विभागातील उदारमतवादी प्राध्यापक कावाई एइजिरो आणि त्यांचे विरोधक हिजिकाता सेइबी या दोघांनाही दूर केले आणि त्याच्या निषेधार्थ अनेक सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. त्याच वर्षी विद्यापीठांत लष्करी कवायत सक्तीची झाली. 22 मे 1939 रोजी देशभरातून आलेल्या तीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी बंदुका घेऊन राजवाड्यासमोर संचलन केले आणि युवकांना उद्देशून काढलेला सम्राटाचा आदेश अराकी यांच्या हाती देण्यात आला. राष्ट्रीय मनोबल चळवळीच्या समितीचेही ते अध्यक्ष होते. त्या समितीने विद्यार्थ्यांचे लांब केस आणि स्त्रियांचे कृत्रिम कुरळे केस यांवर बंदी घालण्याचा ठराव केला.

या सगळ्यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. याच मंत्र्याच्या काळात विज्ञानाच्या उत्तेजनासाठी चौकशी मंडळ नेमले गेले आणि 1939 मध्ये 30 लाख येनचे संशोधन अनुदान सुरू झाले. जपानमधील संशोधकांना आजही मिळणाऱ्या मुख्य सरकारी अनुदानाचे मूळ तेथे आहे. बांबूच्या भाल्यांची गोष्ट सांगून अराकींना निव्वळ मागासलेले ठरवणाऱ्यांनी हे विसरू नये. कोनोए यांच्यानंतर आलेल्या हिरानुमा मंत्रिमंडळातही ते शिक्षणमंत्री राहिले; ऑगस्ट 1939 च्या अखेरीस ते मंत्रिमंडळ पडले आणि त्यांचे मंत्रिपद कायमचे संपले.

युद्ध हरल्यावर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात गेला. 19 नोव्हेंबर 1945 रोजी तेथील सर्वोच्च सेनाधिकारी, अमेरिकी जनरल मॅकआर्थर यांच्या मुख्यालयाने अकरा जणांच्या अटकेचा आदेश काढला. त्या एका यादीत नवव्या तुकडीचे चौघे होते. होन्जो यांनी दुसऱ्याच दिवशी आत्महत्या केली. मसाकी यांच्यावर खटला भरला गेला नाही. मात्सुई यांना नानजिंगच्या अत्याचारांबद्दल फाशी झाली. अराकी तोक्यो खटल्यातील अठ्ठावीस आरोपींत होते. आरोपपक्षाने त्यांच्याविरुद्ध 1933 मधील त्यांच्या भाषणावर बेतलेला एक प्रचारपटच न्यायालयात दाखवला.

12 नोव्हेंबर 1948 च्या निकालात दोन आरोप सिद्ध मानले गेले: आक्रमक युद्धाच्या कटातील सहभाग आणि चीनविरुद्धचे युद्ध. भाषणे आणि वृत्तपत्रांवरील नियंत्रण यांच्या साह्याने लोकांत युद्धवृत्ती चेतवून त्यांनी लष्कराचे धोरण पुढे नेले, हा न्यायालयाच्या विवेचनातला महत्त्वाचा भाग होता. पॅसिफिक युद्धाशी संबंधित आरोपांतून आणि कैद्यांच्या व नागरिकांच्या छळाच्या आरोपांतून त्यांना मुक्त करण्यात आले. तेव्हा प्रश्नकर्त्यांचा तर्क न्यायालयाने अर्धा मान्यच केला होता: पर्ल हार्बरचा ठपका त्यांच्यावर ठेवलेला नाही. जन्मठेप झाली ती 1931 पासून सुरू झालेल्या चीनमधील वाटचालीसाठी.

भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत सर्वच आरोपींना निर्दोष ठरवले, त्यात अराकीही आले. आपल्याकडे याचा अर्थ पुष्कळदा जपानच्या धोरणाला पाल यांनी पाठिंबा दिला असा लावला जातो, तो चुकीचा आहे. आक्रमक युद्ध हा त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात व्यक्तींवर लादता येईल असा गुन्हा नव्हता आणि एवढ्या वर्षांचा अखंड कट सिद्ध झालेला नाही, असे त्यांचे कायदेशीर म्हणणे होते. कटाविषयी मला स्वतःला पाल यांचा मुद्दा बराच पटतो. ज्या गटांनी एकमेकांचे गळे कापले, त्यांना एकाच कारस्थानाचे सूत्रधार मानणे अवघड आहे. अराकी आणि नागाता यांच्या वारसांना एका पिंजऱ्यात बसवणे तर फारच अवघड. मात्र चीनविषयीच्या दुसऱ्या आरोपाबाबत मंत्रिमंडळातील त्यांची जबाबदारी नाकारण्याला फारशी जागा उरत नाही.

तोक्योतील सुगामो तुरुंगातून प्रकृतीच्या कारणावरून 1955 मध्ये त्यांची सुटका झाली. 2 नोव्हेंबर 1966 रोजी, वयाच्या 89 व्या वर्षी, नारा प्रांतातील तोत्सुकावा या डोंगरी गावी प्रवासात असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. सम्राटासाठी शतकानुशतके शस्त्र उचलणाऱ्या लोकांचे गाव म्हणून हे तोत्सुकावा जपानी इतिहासात ओळखले जाते.